मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : रक्तदाब, गुंगी आणि धीर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी काही व्याख्याती नव्हे. माझा व्यवसाय भूल देण्याचा. माझ्यासमोर येणारी माणसे बहुधा थोड्याच वेळात झोपी जातात. आज माझ्या बोलण्याने आपणांवर ती पाळी येऊ नये, एवढी खबरदारी मी घेणार आहे.

विषय कोणता घ्यावा, असे मी चिटणीसबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे भिशी असो की भजन असो, हल्ली एकच प्रश्न निघतो. डोळ्यात मोतीबिंदू आलाय, पण प्रेशर आहे. ऑपरेशन झेपेल का? त्यावरच बोला." हा प्रश्न मला शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी रोज भेटतो. त्याचे उत्तर मात्र त्या दाराशी नीट देता येत नाही. तिथे बाई घाबरलेली असते, घरची मंडळी घाईत असतात आणि आत डॉक्टर खोळंबलेले असतात. ते उत्तर द्यावयाची खरी जागा ही अशी आहे, सतरंजीवर निवांत बसलेल्या मैत्रिणींमध्ये.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. वयपरत्वे केस पिकतात तसे हे भिंग धुरकट होते. त्यावर थेंब नाही, गोळी नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणे हाच उपाय. आपल्या सुश्रुतसंहितेत मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याचे वर्णन आहे. पुढे १७४७ साली फ्रान्समधील जाक दाविएल याने गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत सुरू केली. मात्र या साऱ्या शस्त्रक्रिया रोगी पूर्ण शुद्धीवर असताना, त्याला घट्ट धरून कराव्या लागत. १८४६ पासून ईथरची भूल मिळू लागली, पण तिच्यानंतर ओकाऱ्या होत आणि नुकत्याच कापलेल्या डोळ्याला त्या हादऱ्यांनी इजा पोहोचे.

हा प्रश्न सोडविला व्हिएन्नातील कार्ल कोलर नावाच्या एका तरुण डॉक्टराने. १८८४ साली त्याने कोकेनचे थेंब प्रथम बेडकाच्या डोळ्यात घालून पाहिले, मग इतर प्राण्यांच्या आणि शेवटी स्वतःच्या. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला तरी काही कळत नाही, असे त्याला आढळले. त्या दिवसापासून डोळ्याच्या शस्त्रक्रियेतील वेदना गेली. आज आपण कोकेन वापरीत नाही. त्याहून सुरक्षित अशी बधिर करणारी औषधे वापरतो. कुणाला नुसते थेंब पुरतात, कुणाला डोळ्याच्या बाजूला एक सुई द्यावी लागते. यंत्राने करावयाची शस्त्रक्रिया बहुधा दहा-वीस मिनिटांत आटोपते, आणि रोगी त्याच दिवशी घरी जातो.

मैत्रिणींनो, १८८४ साली वेदना गेली, पण भीती गेली नाही. डोळ्यावर शस्त्र चालणार ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. आणि ही भीती नुसती मनात राहत नाही, ती रक्तदाबात उतरते.

रक्तदाब म्हणजे वाहत्या रक्ताचा धमनीच्या भिंतीवर पडणारा दाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि ते सैल होते तेव्हाचा खालचा. माणूस भ्याला की मूत्रपिंडावर असलेल्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. हृदय जोराने धडधडू लागते, रक्तवाहिन्या आवळतात, आणि दोन्ही आकडे चढतात. घरी १३० असणारा वरचा आकडा रुग्णालयात १६० होतो, तो याच कारणाने. यात त्या बाईचा दोष नाही, यंत्राचाही नाही.

पण प्रत्येक वेळी केवळ भीतीलाच जबाबदार धरून चालत नाही. टेबलावर रक्तदाब चढलेला दिसला की मी काही गोष्टी क्रमाने तपासते. आपणही त्या ऐकून ठेवा.

पहिली म्हणजे सकाळची गोळी. "उपाशीपोटी या" असे सांगितलेले असते, म्हणून रक्तदाबाची नेहमीची गोळीही घेतलेली नसते. आपल्याकडे उपास म्हटला की तो कडकडीत पाळावयाचा, ही सवयच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बाहुली मोठी करण्यासाठी घातलेले थेंब. त्यांपैकी फिनाइलेफ्रिन नावाचे औषध डोळ्यातून थोडे रक्तात उतरते आणि रक्तवाहिन्या आवळते. विशेषतः जास्त तीव्रतेचे थेंब घातले किंवा पुनःपुन्हा घातले तर. तिसरी गोष्ट सांगितली की आपण हसाल. ती म्हणजे भरलेले मूत्राशय! थेंब घालून तास-दोन तास बसविलेले असते, उठून जावे की नाही हे कळत नाही, विचारावयाचा संकोच वाटतो, आणि बाई तशीच टेबलावर येते. चौथी म्हणजे मशेरी. दाताला लावलेल्या तंबाखूतील निकोटिनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. पाचवी म्हणजे पाठ दुखणे, थंडी वाजणे, तोंडावर कापड पडल्याने गुदमरल्यासारखे वाटणे.

एक उदाहरण सांगते. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. दाराशी रक्तदाब भरला १९६ वर १०४. मी शेजारी बसून विचारपूस केली, तेव्हा कळले की सकाळची गोळी घेतलेली नाही आणि दोन तासांपासून लघवीला जावयाचे आहे. "मुलांना वर्गात एक बोट दाखवायला शिकवलं आयुष्यभर, आणि मलाच विचारवेना हो!" असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. त्यांना आधी मोकळे होऊ दिले, घोटभर पाण्याबरोबर त्यांची गोळी दिली, पाठीखाली उशी दिली आणि तासभर शांत बसविले. पुन्हा मोजले तो १६४ वर ८८. त्यात गोळीचा वाटा थोडाच असणार, कारण ती इतक्या लवकर पुरते काम करीत नाही. गुंगीचे औषध त्यांना द्यावेच लागले नाही.

आता कुणी म्हणेल, रक्तदाब थोडा चढला तर एवढे काय बिघडते? सांगते. डोळा उघडलेला असताना रक्तदाब फार वाढलेला असला, तर डोळ्याच्या आतल्या थरात एकाएकी रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ आहे. छेद लहान झाल्यापासून तर फारच दुर्मीळ झाला आहे. पण तो झाला तर दृष्टी जाऊ शकते. वय जास्त, काचबिंदू, मोठा उणे नंबर, कडक झालेल्या रक्तवाहिन्या, अशा माणसांत तो संभव अधिक. शिवाय ज्यांचे हृदय आधीच नाजूक आहे त्यांच्यावर ताण पडतो, तो वेगळाच.

मग चढलेला रक्तदाब झटपट खाली आणावा, असे कुणालाही वाटेल. पूर्वी पुष्कळ ठिकाणी तसे करीत. निफेडिपिनची कुपी फोडून तिच्यातील औषध जिभेखाली टाकावयाचे, की पाच-दहा मिनिटांत आकडा खाली! पण ज्या शरीराला अनेक वर्षे चढ्या दाबाची सवय झाली आहे, त्याचा दाब असा धाडकन उतरला तर मेंदूला आणि हृदयाला रक्त अपुरे पडते. त्यामुळे पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याचे आढळले, आणि १९९६ साली अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत बंद करावी असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले. आकडा कागदावर सुंदर दिसावा म्हणून म्हातारपणीच्या मेंदूशी असा खेळ करावयाचा नसतो. ताजव्याची पारडी हेलकावे खाऊ नयेत, तशी काळजी घ्यावी लागते. फार वर नको, आणि एकदम खालीही नको.

दुसरा उपाय म्हणजे आकडा पाहून रोग्याला परत पाठविणे. कधी कधी ते योग्यच असते. पण परत पाठविण्याचीही किंमत असते, ती कुणीतरी मोजली पाहिजे. माझ्या माहितीच्या एका बाईंना एका ठिकाणाहून दोनदा परत पाठविले. दोन्ही वेळा घरी आल्यावर रक्तदाब नेहमीसारखा. घरी मोजलेले आकडे त्यांना कुणी विचारले नाहीत, आणि त्यांनीही दाखविले नाहीत. "माझ्या नशिबातच नाही," असे म्हणून त्यांनी पुढे दोन वर्षे डोळ्यांचे नाव काढले नाही. मोतीबिंदू पिकत गेला. एका संध्याकाळी उंबरा दिसला नाही, त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. डोळ्याच्या लहानशा भुलेला ज्या घाबरत होत्या, त्यांना खुब्यासाठी कितीतरी मोठी भूल घ्यावी लागली. ती मी दिली, म्हणून ही हकीकत मला ठाऊक.

या बाबतीत ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ आणि रक्तदाबतज्ज्ञ यांच्या संस्थांनी मिळून २०१६ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. आधीच ठरविलेल्या कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी ते आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या बारा महिन्यांत मोजलेला रक्तदाब १६० वर १०० पेक्षा कमी असल्याची नोंद असेल, तर शस्त्रक्रिया करावी. अशी नोंदच नसेल, तर रुग्णालयात १८० वर ११० पेक्षा कमी असला तरी पुढे जाण्यास हरकत नाही. यातील मर्म ध्यानात घ्या. दाराशी भरलेल्या एका आकड्यापेक्षा वर्षभराच्या नोंदीला अधिक मान दिलेला आहे. आपले डॉक्टर आपापल्या अनुभवाने थोडा इकडे-तिकडे निर्णय घेतील. पण त्यांच्यासमोर ठेवावयास आपल्याकडे नोंद तर हवी!

दुसरी एक माहिती देते. अमेरिका व कॅनडा येथे १९ हजारांहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा एक अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या व हृदयालेखाच्या ठरावीक तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. दोन्ही गटांत लहानमोठ्या तक्रारींचे प्रमाण सारखेच निघाले, हजारी सुमारे ३१. आणि त्यांत सर्वांत अधिक वेळा काय घडले? चढलेल्या रक्तदाबावर उपचार करावे लागणे, आणि हृदयाची गती बिघडणे, मुख्यतः मंदावणे. म्हणजे तपासण्यांच्या कागदांचा गठ्ठा मोठा असला म्हणून टेबलावर दाब चढावयाचा थांबत नाही. याचा अर्थ डॉक्टरांनी तपासूच नये, असा नव्हे. आपली सर्व औषधे आणि दुखणी त्यांना कळलीच पाहिजेत.

आता माझ्या खास प्रांतात येते, म्हणजे गुंगी. मला नेहमी विचारतात, "बाई, पुरतं झोपवूनच का नाही टाकत?" कोकणातल्या एक आजी तर म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, माका गप निजवा आणि मग काय ता करा." मी विचारले, "आजी, झोपेत घोरता का?" आजींच्या आधी सूनबाईच बोलल्या, "भिंत हलते!" मी म्हटले, "मग डोकंही हलणार. आणि डॉक्टर तर दुर्बिणीतून केसाएवढ्या जागेत काम करणार!" आजींना ते लगेच पटले.

गुंगी ही विहिरीच्या पायऱ्यांसारखी आहे. पहिल्या पायरीवर मन हलके होते, भीती बोथट होते, पण माणूस जागा असतो आणि हाक मारली की ओ देतो. दुसऱ्या पायरीवर डोळा लागतो, हलवले की जाग येते. तिसऱ्या पायरीवर श्वास मंदावू लागतो, जीभ मागे पडते. त्याखाली पुरती बेशुद्धी. तरुण माणूस एकेक पायरी उतरतो. सत्तरीच्या माणसाचा पाय मात्र पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर घसरू शकतो, कारण औषध त्याला अधिक चढते आणि उशिरा उतरते.

मोतीबिंदूसाठी आम्हांला हवी असते फक्त पहिली पायरी. त्याखाली गेलेला वृद्ध माणूस मध्येच दचकून जागा होतो. आपण कोठे आहोत हे त्याला कळत नाही, तोंडावर कापड असते, तो डोके उचलतो किंवा हात डोळ्याकडे नेतो. शिवाय कापडाखाली श्वास मंदावला की अंगार वायू साचतो, त्याने जीव घाबरा होतो आणि रक्तदाब उलट वाढतो. ती तळमळ पाहून भीतीच समजून आणखी गुंगी दिली, तर दुष्टचक्र सुरू होते. म्हणून आम्ही कापडाखाली नळीने प्राणवायू सोडतो, बोटाला प्राणवायूचे प्रमाण दाखविणारा चिमटा लावतो, आणि पाच-पाच मिनिटांनी रक्तदाब मोजतो. तो मोजताना दंडावरचा पट्टा आवळतो. त्याने घाबरून हात हलवू नये.

औषधांत मिडाझोलाम हे नाव आपण कदाचित ऐकाल. वृद्धांना ते एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, शिरेतून सावकाश देऊन, त्याचा परिणाम दिसेपर्यंत वाट पाहावयाची असते. डोळ्याशेजारी सुई देतात तो क्षण सर्वांत कठीण. भीतीही तेव्हाच जास्त, आणि दाबही तेव्हाच चढतो. त्याच्या थोडे आधी हे औषध दिले, की तो क्षण सरून जातो. मात्रा चुकून जास्त लागू पडली, तर त्याला उतारा देणारे औषधही आहे. डेक्समेडेटोमिडिन नावाचे दुसरे एक औषध आहे. त्याने येणारी झोप नैसर्गिक झोपेसारखी वाटते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात. मग तेच सर्वांना का देत नाही? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ४४ रोग्यांच्या एका अभ्यासात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी या दोन औषधांची तुलना केली. दुसऱ्या औषधाने रोगी थोडे अधिक समाधानी होते, परंतु त्यांचा रक्तदाब व नाडी अधिक खाली गेली आणि त्यांना घरी सोडावयास उशीर लागला. काही रोग्यांना ते उपयोगी पडते, हे खरे. पण कोणते औषध कुणाला द्यावयाचे, हे त्या माणसाचे वय, हृदय आणि स्वभाव पाहूनच ठरवावे लागते. आणि आपल्याकडे असंख्य शस्त्रक्रिया कोणतेही गुंगीचे औषध न देता उत्तम पार पडतात, हेही विसरू नका.

कारण शांत करणारे आणखी एक औषध आहे, ते बाटलीत मिळत नाही. २००१ साली कोरियातील परिचारिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काही रोग्यांचा हात कुणीतरी हातात धरून ठेवला. त्या रोग्यांची भीती कमी झाली, आणि रक्तातील ॲड्रेनॅलिनही कमी भरले. आपल्या आया-आज्यांना हे ठाऊक होते. बाळंतिणीच्या उशाशी कुणीतरी हात धरून बसतच असे. मी गुंगीची सुई देते तेव्हाही डाव्या हाताने रोग्याचा हात धरलेला असतो, आणि तो जरा आवळला गेला की आकडा पडद्यावर उमटण्याआधीच मला कळते.

भीतीचे दुसरे औषध म्हणजे माहिती. आत काय होणार हे आधी कळले, की अर्धा धाक जातो. म्हणून सांगते. उताणे झोपवतील. चेहऱ्यावर कापड घालतील, त्यात डोळ्यापुरते भोक असेल. वर प्रखर दिवा असेल. शस्त्रक्रिया चालू असताना पुष्कळांना लाल, निळे, पिवळे रंग, सरकत्या सावल्या, कधी डॉक्टरांची हालचालही दिसते. ते पाहून "भूल लागली नाही" असे समजून बायका घाबरतात. रंग दिसणे हे भूल न लागल्याचे चिन्ह नव्हे. पाण्याची धार लागल्यासारखी वाटेल, यंत्राचा गुणगुणल्यासारखा आवाज येईल, स्पर्श आणि दाब जाणवेल. दुखावयाचे मात्र नाही. दुखले तर तसे तोंडाने सांगावे. खोकला येणार असेल, तर आधी "खोकला येतोय" म्हणावे. डॉक्टर हत्यार बाजूला घेतील, मग खुशाल खोकावे. खोकल्याच्या उबळीने डोळ्यातील दाब एकदम वाढतो, म्हणून ही सूचना.

आता घरच्या तयारीविषयी. शस्त्रक्रिया ठरली की आधीचे दोन-तीन आठवडे एका लहान वहीत तारीख, वेळ आणि रक्तदाब लिहीत चला. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा; चहा घेतल्याबरोबर किंवा जिना चढून आल्याबरोबर नव्हे. ही वही आणि सर्व औषधांची वेष्टने एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. त्यात काढे, चूर्णे आणि झोपेच्या गोळ्याही आल्या. झोपेची गोळी आदल्या रात्री कुणाला न सांगता घेऊ नये; तिच्यावर आमचे औषध पडले, तर पायरी घसरते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका; विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर उतरू शकते, म्हणून त्याची वेगळी सूचना घ्या. लघवी होण्याच्या गोळीची वेळही विचारून ठेवा. आणि आपल्या यजमानांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याने बाहुली नीट मोठी होत नाही.

रक्तदाबाची नेहमीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते, असाच बहुतेक ठिकाणी नियम आहे. आपल्या डॉक्टरांकडून तो आदल्या दिवशीच स्पष्ट विचारून घ्या. खाण्यापिण्याचा नियमही जागोजागी वेगळा असतो. त्या सकाळी मशेरी नको, तपकीर नको. पोटात गोळी आणि खिशात वही असली की निम्मे काम झाले. आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या. त्यात संकोच कसला? उताणे झोपल्यावर धाप लागत असेल, कंबर दुखत असेल, रात्री दोन-तीन उशा लागत असतील, तर ते आधीच सांगा. मी पुष्कळांना घरी रोज वीस मिनिटे उताणे, न हलता पडून राहण्याची सवय करावयास सांगते.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगावयाची आहे. मोतीबिंदू स्त्रियांत अधिक आढळतो, आणि आपल्यासारख्या अनेक देशांत शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यात स्त्रिया पुरुषांच्या मागे राहतात. त्याची कारणे आपण सर्व जाणतो. नातवाची परीक्षा आहे, पाहुणे यावयाचे आहेत, दिवाळी होऊ दे, ह्यांचे आधी होऊ दे! तांदळातला खडा दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, तरी "अजून पिकला नाही" म्हणून दिवस ढकलावयाचे. पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस आता गेले. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, काढावयास वेळ अधिक लागतो, आणि तेवढा वेळ म्हाताऱ्या देहाला निश्चल पडून राहावे लागते. रक्तदाब आहे म्हणून शस्त्रक्रिया टाळू नका. रक्तदाब आहे म्हणून तयारी करा.

या कामी आपले मंडळ दोन गोष्टी सहज करू शकेल. मंडळाच्या कपाटात रक्तदाब मोजण्याचे एक चांगले यंत्र ठेवावे, आणि आठवड्यातून एक दुपार ते वापरण्यासाठी व वहीत नोंद करून देण्यासाठी राखून ठेवावी. दुसरे, शस्त्रक्रियेला जाणाऱ्या भगिनीबरोबर मंडळातील एकीने सोबत म्हणून जावे; शक्यतो जिची शस्त्रक्रिया आधी झाली आहे अशीने. "मला रंग दिसले होते, काही दुखलं नाही, घाबरू नकोस," हे तिच्या तोंडून ऐकले, तर आमच्या सुईतले औषध थोडे कमी लागेल. घरी मुलगा-सून नोकरीवर असतात, आणि बाई एकटी रिक्षाने येते. तिचा दाब चढणार नाही तर काय होईल?